म्हशीच्या मापाचे खांब

कोल्हापुरात कुणी ‘हे जिल्ह्यातलं पहिलं’ असं सांगायला लागलं की पुरावा मागू नये. पुरावा मिळत नाही आणि सांगणाऱ्याचा चेहरा पडतो. गंगावेशीच्या मागच्या अंगाला ‘अंबिका भवन’ नावाची इमारत आहे. ती इथली पहिली उंच इमारत, पहिली लिफ्टची इमारत, आणि तिथल्या रहिवाशांच्या मते पुणे ते बेळगाव या टापूतली पहिली आठ मजली इमारत. यातलं काहीच मी तपासलेलं नाही आणि तपासणारही नाही. आता तिच्या दोन्ही बाजूंना तिच्यापेक्षा उंच इमारती उभ्या आहेत, तरी रिक्षावाल्याला ‘आठमजली’ म्हटलं की तो तिथंच आणून सोडतो.

माझं नाव पूर्णिमा. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, म्हणजे जुनी इमारत उभी राहू शकते की पाडावी लागेल हे सांगायचं माझं काम. वय पन्नाशीच्या पुढं. इमारतींवर जीव लावायचा नाही हा माझा नियम, आणि तो मी आजवर बऱ्यापैकी पाळला आहे. जिच्या भिंतीला मी भोक पाडून बघणार, तिच्याबद्दल हळवं होऊन कसं चालेल?

आठमजलीच्या सोसायटीला महापालिकेचं पत्र आलं, इमारत जुनी झाली आहे, तपासून घ्या, म्हणून त्यांनी मला बोलावलं. सोसायटीचे चेअरमन राजवर्धन आठव्या मजल्यावर राहतात. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला अष्टगंध, जमिनींच्या व्यवहारात वजन असलेला माणूस. पहिल्याच दिवशी लिफ्टमध्ये त्यांनी मला निकाल सांगून टाकला. खांब सडलेत, म्हशींच्या मुतानं सडलेत, इमारत पाडायलाच हवी, आणि एक बिल्डर बावीस मजल्यांचा नकाशा घेऊन तयार आहे. तपासणी आपली रीत म्हणून करायची. मी म्हटलं, रीत म्हणून मी फक्त हळदीकुंकू करते, तपासणी खरी करते. त्यानंतर त्यांनी माझ्याशी जपून बोलायला सुरुवात केली.

म्हशी म्हणजे खरोखरच्या म्हशी. आठमजलीच्या तळमजल्याचा पुढचा अर्धा भाग जिन्याचा, लिफ्टचा आणि गाड्यांचा. मागचा अर्धा भाग गोठा. तिथं भिंती नाहीत, नुसते खांब, आणि दर दोन खांबांच्या मध्ये एक म्हैस. सगळ्या पंढरपुरी, लांब शिंगांच्या. शिंगं मागं जाऊन टोकाला बाहेर वळलेली, तेल लावून काळी कुळकुळीत केलेली. वर आठ मजल्यांवर माणसं टीव्ही बघतात, भांडतात, पोरांचे अभ्यास घेतात, आणि खाली म्हशी रवंथ करतात. नव्या माणसाला याचं नवल वाटतं. जुन्या माणसाला नवल करणाऱ्याचं नवल वाटतं.

हा गोठा बयाबाईंचा. वय पंचाहत्तरीच्या आसपास, बांधा काटक, आवाज असा की तळमजल्यावर बोलल्या तर चौथ्या मजल्याला गॅलरीत यावं लागत नाही. इमारत बांधणारे हंबीरराव हे त्यांचे सासरे. नवरा कधीच गेला. मुलगा सम्राट पुण्यात नोकरीला आहे, सणाला येतो, ‘आई, चल आता’ म्हणतो, आणि सण झाला की एकटाच परत जातो. गोठ्याला लागून एक खोली आहे, तिथं बयाबाई राहतात. वर फ्लॅट होता, तो त्यांनी भाड्यानं दिला, कारण वरून म्हशींचा आवाज ऐकू येत नाही म्हणे.

हंबीररावांनी फ्लॅट विकताना प्रत्येकाच्या खरेदीखतात एक अट घातली होती. इमारत उभी आहे तोवर तळमजल्याची मागची बाजू त्यांच्या घरच्या म्हशींची, आणि त्या जागेत घरच्या माणसाच्या संमतीशिवाय कुणी काही बांधायचं नाही. मधल्या काळात तीन-चार वकिलांनी ही अट हलवून पाहिली, ती हलली नाही. तेव्हा गणित सरळ होतं. इमारत राहिली तर गोठा राहणार, इमारत पडली तर गोठा संपणार. बयाबाईंना ते माझ्याआधी कळलेलं होतं. म्हणूनच पहिल्या दिवशी त्यांनी मला पाणी दिलं, पण चहा दिला नाही. कोल्हापुरात दारात आलेल्या माणसाला चहा न देणं म्हणजे मोठीच गोष्ट. त्यांनी स्वतःच कारण सांगून टाकलं.

‘उगं उद्या कोन म्हनाय नगं, बयाबाईनं दुदाचा च्या पाजून बाईला फिरवली. तुमचं काम हुंदे. मग पिऊ.’

आता इतिहास. तो सांगायलाच हवा, कारण दुखणं तिथूनच सुरू होतं.

हंबीरराव गुळाचे अडते. पन्नासेक वर्षांपूर्वी त्यांच्या एका पाव्हण्यानं शाहूपुरीत चार मजली इमारत उठवली आणि वास्तुशांतीच्या जेवणाला हंबीररावांना मागच्या पंगतीत बसवलं. हंबीरराव पोटभर जेवले, हात धुतले आणि बाहेर येऊन म्हणाले, ‘दुप्पट.’ आठ हा आकडा तिथून आला. उंच इमारती का उभ्या राहिल्या, याची कारणं पुस्तकांत दिलेली असतात. जमिनीचे भाव वाढले, पोलाद स्वस्त झालं, लिफ्टचा शोध लागला. ती परदेशातली कारणं झाली. आमच्याकडं मागची पंगत पुरते.

हंबीररावांनी नकाशा काढायला श्रीशैल आजरी नावाचा तरुण गाठला. मूळ गडहिंग्लजकडचा, मुंबईत शिकून नुकता परतलेला, डोक्यात नव्या जगाचे विचार. त्या काळच्या मोठमोठ्या वास्तुविशारदांचं म्हणणं असं की जमीन मोकळी सोडावी, इमारत खांबांवर उचलून धरावी, खालून वारा वाहावा, माणसं हिंडावीत. श्रीशैलनं तसाच नकाशा काढला आणि भीतभीत हंबीररावांपुढं मांडला. हंबीररावांच्या त्या जागेवर तेव्हा गोठाच होता, आणि म्हशी कुठं न्यायच्या या काळजीनं त्यांची झोप उडाली होती. त्यांनी नकाशातल्या मोकळ्या तळमजल्यावर बोट ठेवलं आणि त्यांना एवढा आनंद झाला की श्रीशैललाही क्षणभर वाटलं, आपला विचार यांना समजला.

मात्र श्रीशैलचे खांब थोडे होते, जाड होते आणि लांब लांब होते. हंबीररावांना ते पसंत नव्हतं. एका गाळ्यात दोन म्हशी बांधल्या तर त्या शिंगाला शिंग लावतात, प्रत्येकीला आपली जागा हवी. मग खांब वाढले, जवळ जवळ आले, आणि जवळ आले म्हणून बारीक झाले. वरच्या सगळ्या भिंती खालच्या खांबांवरून उठतात, त्यामुळं आठही मजल्यांना तेच माप लागलं. आठमजलीतली लहान खोली दोन म्हशींची आहे आणि हॉल तीन म्हशींचा. राजवर्धन ज्या पलंगावर झोपतात तो साधारण दीड म्हशीत बसतो. हे मी त्यांना सांगितलं नाही.

इथवर सगळं ठीक होतं. चूक पुढं झाली. पाया भरून झाला, खांबांच्या सळ्या बांधून झाल्या, भोवती लाकडी साचे उभे राहिले, तेव्हा हंबीरराव आपली सगळ्यात लांब शिंगांची म्हैस घेऊन माप बघायला आले. म्हैस दोन साच्यांच्या मध्ये शिरली आणि शिंगं अडकून उभी राहिली. पाया भरला होता, खांब सरकणार नव्हते. सळ्या बांधल्या होत्या, त्याही हलणार नव्हत्या. हंबीररावांनी साचे आत ओढायला लावले. म्हणजे सळ्या तेवढ्याच राहिल्या, त्यांच्या अंगावरचं काँक्रीट पातळ झालं. ते काँक्रीट म्हणजे सळीची कातडी. ती जाड असेल तर पाणी आत पोचत नाही, पातळ असेल तर आज ना उद्या पोचतंच.

हे मला कळलं ते नकाशा आणि प्रत्यक्ष माप जुळेना म्हणून. श्रीशैल आजरी हयात आहेत, पंचाहत्तरी ओलांडलेले, गडहिंग्लजला मुलीकडं असतात. मी फोन केला. आधी ते खूप वेळ हसले. मग म्हणाले, मी विरोध केला होता, पण मी पंचविशीतला होतो आणि म्हैस माझ्यासमोर अडकून उभी होती. मग त्यांनी विचारलं, खांब कसे आहेत. मी खरं ते सांगितलं. त्यावर त्यांनी तब्येतीची सबब सांगून फोन ठेवला.

इमारत मात्र गाजली. शाहूवाडीकडची, राधानगरीकडची माणसं अंबाबाईचं दर्शन घेऊन लिफ्ट बघायला यायची. नव्या नवरा-नवरीला गच्चीवर नेऊन जोतिबाचा डोंगर दाखवायची पद्धत पडली होती. सकाळी वरच्या मजल्यांवरची पोरं तांब्या-पेला घेऊन लिफ्टनं खाली यायची आणि धारेचं दूध उभ्यानं पिऊन पुन्हा लिफ्टनं वर जायची. बयाबाई लग्न होऊन आल्या त्या याच दिवसांत. तेव्हापासून त्या पोरांना त्या नावानं ओळखतात. राजवर्धन हे त्यातलंच एक पोर.

माझी तपासणी पंधरवडाभर चालली. हातोडा मारून आवाज ऐकला, खांबांत बारीक भोकं पाडून नमुने काढले, सळ्या उघड्या करून पाहिल्या. वरचे मजले उत्तम निघाले. त्या काळच्या गवंड्यांनी जीव ओतून काम केलेलं होतं, आणि ते पाहून मला बरं वाटलं, हे नियम बाजूला ठेवून सांगते. गोठ्यातले खांब मात्र आतून पोखरले होते. मुतातलं मीठ, धुण्याचं पाणी, पातळ कातडी आणि पन्नास वर्षं. काही सळ्या बोटानं पापुद्रे निघावेत इतक्या गंजल्या होत्या.

तरीही इमारत पाडायची गरज नव्हती. अशा खांबांना जॅकेटिंग करतात. जुन्या खांबाभोवती नव्या सळ्यांचा पिंजरा बांधायचा आणि त्यावर नवं काँक्रीट ओतायचं, की खांब पहिल्यापेक्षा मजबूत होतो. सोसायटीला ते झेपणारंही होतं. अडचण एकच. खांब चारी बाजूंनी चार-चार इंच जाड होणार होता. दोन खांबांमधली जागा आठ इंचांनी कमी होणार होती. खांबाला पातळ पट्ट्या गुंडाळायचीही एक पद्धत आहे, त्यात जागा जात नाही. तीही मी पाहिली. पण आतली सळी शिल्लक असेल तर वरून गुंडाळण्यात अर्थ.

बयाबाईंना मी आधी पहिला भाग सांगितला, इमारत राहू शकते. त्यांनी एका म्हशीच्या कपाळावर हात ठेवला आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात चहाचे दोन कप होते, साईचा थर आलेला चहा. काम झालं होतं, आता चहा चालणार होता. मी दोन घोट घेतले आणि दुसरा भाग सांगितला. कप हातात घेऊन सांगितला याचं मला नंतर वाईट वाटलं, आधी सांगायला हवं होतं.

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं नाही. दोन खांबांच्या मधल्या जागेकडं पाहिलं. माप कितीनं कमी होणार, एवढंच विचारलं. मी हाताची चार बोटं खांबाला आडवी लावून दाखवली, मग समोरच्या खांबालाही. त्या म्हणाल्या, करून बघू.

दुसऱ्या दिवशी मी प्लायवूडचे तुकडे मागवले आणि एका गाळ्याच्या दोन्ही खांबांना नव्या जाडीइतके बांधून घेतले. बयाबाईंनी सुंदरा नावाची म्हैस सोडली. सुंदरा शहाणी म्हैस. दिवाळीच्या पाडव्याला निघणाऱ्या म्हशींच्या मिरवणुकीत फटाक्यांतून चालते आणि मोटारसायकलमागं पळते. ती आपल्या गाळ्याकडं निघाली, रोजच्यासारखी मान खाली घालून आत जायला लागली, आणि एक शिंग प्लायवूडवर ठक्कन आपटलं. ती मागं सरली. मान तिरकी करून पुन्हा आली. या वेळी एक शिंग आत गेलं, दुसरं अडकलं. तिनं जोर केला नाही. जागेवर उभी राहिली आणि बयाबाईंकडं बघत राहिली. ती जागा रोजची होती, तिला कळत नव्हतं काय झालं ते. बयाबाईंनी तिला मागं घेतलं आणि प्लायवूड सोडून टाका म्हणून सांगितलं.

मी एक मार्ग सुचवला. मुऱ्हा जातीच्या म्हशीची शिंगं आखूड असतात, कानाजवळ गोल वळलेली. त्या कदाचित बसतील. मला हा उपाय बरा वाटला होता. बयाबाईंना राग आला नाही, त्यांनी मला शांतपणे समजावलं.

‘घर ऱ्हावं म्हनून घरातली मानसं बदलत न्हाईत, मॅडम.’

यापुढं जे झालं ते राजवर्धननी केलं, आणि त्यांच्या हुशारीला मी दाद देते. दहा वर्षं या माणसानं गोठ्याविरुद्ध तक्रारी केल्या होत्या. शेण, माशा, वास, पाहुण्यांपुढं लाज. आता त्याच गोठ्यात त्यांनी आपला फायदा हेरला होता. बयाबाईंच्या संमतीशिवाय गोठ्यात जॅकेटिंग होत नाही. जॅकेटिंग झालं नाही तर खांब टिकत नाहीत. खांब टिकले नाहीत तर महापालिका इमारत धोकादायक ठरवते, आणि बावीस मजल्यांचा रस्ता मोकळा. म्हणजे म्हशी जितक्या घट्ट बसतील तितकी इमारत लवकर पडणार. राजवर्धन एका रात्रीत म्हशींचे झाले. सकाळी खाली उतरले ते पेंडीचं पोतं घेऊन, सुंदराच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले की मुक्या जनावराला त्रास द्यायचा कुणाला अधिकार नाही, काकू, तुम्ही अजिबात सही करू नका. अजून दोन वर्षं तरी म्हशी इथं सुखानं राहतील. पुढचं पुढं.

पुढचं काय ते मी बयाबाईंना सांगितलं. मला सांगायचं काम नव्हतं, पण न सांगता राहवलं नाही. सही दिली तर इमारत राहील, म्हशी आत्ता जातील. सही दिली नाही तर म्हशी दोन वर्षं राहतील, मग इमारतही जाईल आणि म्हशीही जातील. त्यांनी ऐकलं आणि शेण भरायला लागल्या. चार दिवस त्यांनी कुणाला काही उत्तर दिलं नाही. सम्राटचा फोन आला, त्यालाही नाही.

रविवारी सकाळी सोसायटीची सभा झाली, तळमजल्यावर, गाड्यांच्या जागेत खुर्च्या मांडून. मी अहवाल वाचून दाखवायला गेले होते. राजवर्धननी सुरुवातीलाच मुक्या प्राण्यांवर पाच मिनिटं भाषण केलं. ज्यांनी त्यांच्या तक्रारींवर सह्या केल्या होत्या ते लोक एकमेकांकडं बघत होते. राजवर्धन यांचं म्हणणं असं की दुरुस्तीचा आग्रह सोडावा, म्हशींचा मान राखावा आणि इमारत यथावकाश जाऊ द्यावी. नव्या इमारतीत काकूंच्या नावानं दुकानाचा गाळा देऊ. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. नवा फ्लॅट कुणाला नको असतो?

बयाबाई गोठ्याच्या कडेला, दोन खांबांच्या मध्ये उभ्या होत्या. खुर्ची दिली होती, बसल्या नव्हत्या. त्यांनी मला हाक मारली आणि विचारलं, इमारत पाडली तर कागदावर कारण काय लागेल. मी अहवालातलं वाक्य वाचलं. गोठ्यातील मूत्र आणि सांडपाण्यातील क्षार, तसेच सळ्यांवरील अपुऱ्या जाडीचे काँक्रीट, यामुळे तळमजल्याचे खांब निकामी झाले आहेत.

‘म्हंजे म्हशींनी पाडली,’ बयाबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, नुसत्या म्हशींनी नाही. खांब बारीक केला हंबीररावांनी, तेही मी लिहिलं आहे. त्यांनी मान हलवली. मामंजींचं नाव कुणाच्या ध्यानात राहणार नाही, म्हशींचं राहील, असं म्हणाल्या. गावात लोक काय म्हणतील ते त्यांनी चार वाक्यांत करून दाखवलं, प्रत्येकाच्या आवाजात, आणि ते तंतोतंत खरं होतं. आठमजली कशानं पडली? म्हशीनं मुतून पाडली. पुढच्या पन्नास वर्षांत हेच राहिलं असतं. कोल्हापुरात विनोद इमारतीपेक्षा जास्त टिकतो.

मग त्या राजवर्धनकडं वळल्या. आवाज चढला नाही, उलट खाली आला.

‘राजा, तू लहान हुतास तवा दिसाला दोन पेलं दूध पीत हुतास. तुज्या आईला अंगावर दूध न्हवतं. ह्या म्हशींच्या आज्ज्यांनी तुला वाढीवलाय. माज्या म्हशींच्या माथी घर पाडल्याचा डाग नगं. त्या जात्यात. बिल्डिंग ऱ्हाऊ दे.’

राजवर्धननी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं, संयोगितानं, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

बयाबाईंनी सही केली. मग बोट माझ्याकडं करून म्हणाल्या, ‘दोष लिवलाईसा, तर जागा कुनी दिली त्येबी लिवा.’

मी लिहिलं. अहवालाच्या शेवटी वाक्य आहे: दुरुस्तीसाठी आवश्यक असलेली जागा गोठ्यातील म्हशींनी उपलब्ध करून दिली. महापालिकेतून एका साहेबांचा फोन आला, हे वाक्य तांत्रिक नाही, काढून टाका. मी विचारलं, यात चुकीचं काय आहे ते सांगा. वाक्य राहिलं.

म्हशी कोडोलीला गेल्या, बयाबाईंच्या भाच्याकडं. टेम्पोत चढायला त्यांनी त्रास दिला नाही. चौथ्या-पाचव्या मजल्यांच्या गॅलऱ्यांत माणसं उभी होती, कुणी हात हलवला, कुणाला सुचलं नाही. भाचा म्हणाला, मावशी, तुम्हीपण चला. बयाबाई म्हणाल्या, कामाला माणसं येणार, त्यांच्यावर लक्ष कोण ठेवणार. टेम्पो वळेपर्यंत त्या उभ्या होत्या, मग झाडू घेऊन रिकामा गोठा झाडायला लागल्या. आधीच झाडलेला होता.

दोन दिवसांनी काम सुरू झालं. दुपारी मी पाहणीला गेले, तर पहिल्या चार खांबांना नव्या सळ्यांचे पिंजरे बांधून झाले होते आणि गवंडी सावलीत बसले होते. बयाबाईंनी त्यांना चहा देते म्हटलं होतं. गवळी चौकातल्या ज्या कट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात, तिथं दुपारच्या वेळी दूध मिळत नाही, ते संध्याकाळी. म्हणून त्या कोपऱ्यावरच्या दुकानात निघाल्या होत्या, हातात नेहमीची पितळी चरवी. मी बरोबर गेले. दुकानदारानं चरवीकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं पाहिलं, आणि फ्रिजमधून दोन पिशव्या काढून काउंटरवर ठेवल्या. एक निळी, एक हिरवी. कुठली देऊ म्हणाला.

बयाबाईंनी आयुष्यात दूध विकत घेतलं नव्हतं. त्यांनी एका पिशवीला बोट लावून बघितलं. ती गार होती, त्यांनी बोट मागं घेतलं.

‘मॅडम,’ त्यांनी मला विचारलं, ‘ह्यातलं म्हशीचं कुठलं वो?’

मी दोन्ही पिशव्या हातात घेतल्या आणि दोन्ही बाजूंनी वाचल्या. दोन्हींवर नुसतं ‘दूध’ असं छापलेलं होतं. मी त्यांना तसं सांगितलं.